मृगाच्या आधीचा थेंब

आमच्या घरात पहिला थेंब पडला तो मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या चष्म्यावर. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. आभाळात ढगाचं नाव नाही. मी पलंगावर आडवी होऊन पेपर वाचत होते आणि वरून टप्पकन थेंब आला. चष्मा पुसून वर पाहिलं तर स्लॅबच्या कोपऱ्यात दुसरा लोंबत होता. आता घर गळलं तर बाईमाणसानं कपाळाला हात लावावा. मला मात्र, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मी हाक मारली, "अहो, या इकडं. तुमचं घर गळून राह्यलं."

त्या आनंदाचं कारण सांगायचं तर आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगावं लागेल. लिहिताना 'हे' म्हटलं की कोण ते कळत नाही, म्हणून सरळ नवरा म्हणते. तोंडावर म्हणत नाही.

माझा नवरा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता. आधी अकोल्याला, मग अमरावतीला. जन्मभर धरणांचे, कालव्यांचे, भिंतींचे नकाशे काढले. त्यातले किती तरी कपाटातच राहिले, आणि जे बांधले गेले त्यांच्यावर सही दुसऱ्याची. स्वतःच्या मनानं काढलेल्या नकाशाचं एक न्हाणीघरसुद्धा या माणसाच्या नावावर नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. दोघंही निवृत्त झालो तेव्हा मला वाटलं, आता अमरावतीच्या फ्लॅटमध्ये सुखानं राहू. तिसरा मजला, खाली भाजीवाला हाक मारणार, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर चक्कर, महिन्याला भिशी. आणखी काय पाहिजे माणसाला?

यांना पाहिजे होतं मातीतलं घर. चांदूर रेल्वेहून कौंडण्यपूरकडं जाताना आमचं थोडं शेत आहे, निम्मं काळं आणि निम्मं बरड. बरडावर एक टेकाड. त्या टेकाडाच्या पोटात सिमेंट-काँक्रीटचं घर बांधायचं, तीन बाजूंनी भिंतींना माती लावायची, छतावरही हातभर माती आणि त्यावर गवत. समोरची बाजू तेवढी उघडी. म्हणजे आपला वऱ्हाडचा उन्हाळा दारातूनच परत जाईल, असा बेत. मी म्हटलं, जितेपणी डोक्यावर माती घ्यायची हौस तुमची असेल, माझी नाही.

पुष्कळ दिवस हे असं चाललं. मग एकदा त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि मला बोलावलं. इथं तुझा स्वयंपाकाचा ओटा, इथून सकाळचं ऊन येईल, इथं पाणी आलं तर या पाईपनं बाहेर जाईल, असं बोट फिरवत सांगत होते. माणूस कधी इतकं बोलत नाही. मला दया आली, आणि दया आली की माझ्या तोंडून हो निघतं. हो म्हटल्यावर स्वतःचाच राग आला, म्हणून अट घातली. म्हटलं, पहिला पावसाळा निघेपर्यंत घरात एक थेंब जरी पडला तं आपुन अमरावतीले परत, आणि मंग या विषयावर बोलाचं नाई. त्यांनी जरा विचार केला आणि मंजूर म्हणाले.

हे मंजूर साधं नव्हतं. माझा नवरा शब्दाचा इतका पक्का की त्याचा त्रास होतो. एकदा सासरच्या एका लग्नात कशावरून तरी बिनसलं आणि हे म्हणून बसले, मी इथं जेवणार नाही. पुढं समेट झाला, गळाभेटी झाल्या, पंगत बसली. हे पंगतीत बसले, वाढून घेतलं नाही, पाणी पिऊन उठले. शब्द म्हणजे शब्द. त्यामुळं अट मंजूर झाली तेव्हाच मी फ्लॅटची किल्ली पर्समध्ये जपून ठेवली.

बांधकाम सुरू झालं तसं गावात नाव पडलं. पूर्वी इकडं जवारी जमिनीखाली पेवात भरून ठेवत. लोक म्हणू लागले, मास्तरीनबाई पेवात राहाले येऊन राह्यली म्हंते. शेजारच्या वावरातली वयनी, जिच्याकडून पुढं आम्ही दूध घ्यायला लागलो, ती तर रोज येऊन पाहून जायची आणि विचारायची, "बाई, तुमाले वरून झाकन लावनार का?"

खरं काम स्लॅब पडल्यावर सुरू झालं. मातीखालच्या घराचं सगळं नशीब वॉटरप्रूफिंगवर. साध्या घराचं छत गळलं तर वर चढून डांबर ओतता येतं. इथं वर माती, बाजूला माती. एकदा बुजवलं की चुकलं कुठं ते शोधायला अख्खं घर उकरावं लागतं. म्हणून नवऱ्यानं अकोल्याहून एक चाचा आणले. चाचा म्हणजे या धंद्यातलं बडं प्रस्थ. मोबाईलवर बोलताना सुद्धा एक हात कमरेवर. एका वाक्यात हिंदी, पुढच्यात वऱ्हाडी, आणि दोन्हींत स्वतःचं कौतुक. मला म्हणाले, "बाई, माझ्या हातचं छत गळलं तं मी हे काम सोडून पानठेला टाकीन."

काम मात्र पाहण्यासारखं होतं. आधी छताला उतार दिला, कोपरे गोल करून घेतले, कारण चाचांच्या मते पाणी कोपऱ्यात बसूनच कारस्थानं करतं. मग काळं रसायन फासलं. मग डांबरी शीटचे मोठमोठे गुंडाळे आले. गॅसच्या बत्तीनं शीटची खालची बाजू वितळवायची आणि पायानं दाबत दाबत पुढं लोळवत न्यायची. एका शीटवर दुसरी शीट चार बोटं चढायला पाहिजे. नवरा मागून पट्टी घेऊन मोजायचा. चाचा मुद्दाम पाच बोटं चढवायचे आणि म्हणायचे, मोजा साहेब, मोजा. भिंतींनाही बाहेरून तसंच शीट लावलं. डांबराचा वास माझ्या लुगड्यांना कित्येक महिने येत होता.

मग परीक्षा. छताच्या कडेनं सिमेंटची बारकी मेर बांधायची, छतावर पाणी भरून तळं करायचं, आणि खाली उभं राहून वर पाहत बसायचं. आठवडाभर पाणी ठेवायचं ठरलं, आणि तेवढे दिवस आम्ही आणि चाचा तिथंच मुक्कामाला. इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घराचं छत मागच्या बाजूनं टेकाडाच्या बरोबरीला आलेलं. म्हणजे छतावर जायला शिडी लागत नाही, मागून चालत जाता येतं. हे आम्हाला माहीत होतं. वयनीच्या म्हशीला ते नव्यानं कळलं.

सकाळी चहा घेत होतो तर वर कोणी तरी जोरात श्वास सोडला. वर जाऊन पाहिलं तर तळ्याच्या मधोमध म्हैस बसलेली. डोळे मिटून, शेपटीनं पाणी उडवत. चाचा बनियनवरच धावत आले आणि तिला पाहून कडेलाच थबकले. शीट अजून उघडीच होती, तिच्यावर संरक्षणाचा थर टाकायचा होता, आणि म्हशीच्या खुरानं भोक पडायला कितीसा वेळ लागतो? हाकलावं तर ती तडफडत उठणार, खुर रोवणार. ओरडायची सोय नाही. चाचा तिच्याशी हलक्या आवाजात हिंदीत बोलू लागले. नवरा तिच्या वजनाचा हिशोब मांडू लागला. शेवटी वयनीनं सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणली आणि नुसती दाखवली. म्हैस उठली, एखादी पाहुणी निघावी तशी सावकाश चालत बाहेर आली. चाचांनी नंतर पाणी काढून सगळी शीट हातानं चाचपली. भोक नव्हतं. परत तळं भरलं, खाली थेंब नाही. त्या दिवसापासून चाचा गिऱ्हाइकांना फोनवर सांगू लागले की आमच्या छतावर म्हैस बसवून टेस्टिंग होते.

मग थर चढत गेले. शीटवर सिमेंट, त्यावर गिट्टी आणि भोकाभोकांचा पाईप, त्यावर माती खाली जाऊ नये म्हणून जाड पांढरं कापड, मग मुरूम. सगळ्यात वर थोडी काळी माती, गवतापुरती. जास्त काळी माती टाकू दिली नाही नवऱ्यानं. ती उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, तिचा भरवसा नाही, म्हणाले. गुढीपाडवा झाल्यावर आम्ही राहायला आलो.

आल्या आल्या मी कॅलेंडर लावायला खिळा शोधला तर नवरा आडवा आला. भिंतींना खिळा ठोकायचा नाही. चुकून मातीकडच्या भिंतीत ठोकला गेला तर काय घ्या. मी म्हटलं, मग राहू द्या, तसंही आपण इथं किती दिवस? कॅलेंडर गुंडाळी करून टेबलावर ठेवलं. किल्ली पर्समध्ये, कॅलेंडर टेबलावर, आणि माझं लक्ष छताकडं.

घर गार होतं, हे कबूल केलं पाहिजे. बाहेरून आत आलं की अंगावरचं ऊन कोणीतरी काढून घ्यावं तसं वाटायचं. पण एप्रिल लागला आणि मी कूलर मागितला. आता वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडं होळी झाली की कूलर काढायचा, टाकी घासायची, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या, हे सणासारखंच असतं. नवरा म्हणाला, इथं कूलरची गरजच नाही, हात लावून पाहा भिंतीला. मी म्हटलं, तुमची भिंत तुमाले लखलाभ, मले कूलरच्या घरघरीबिगर झोप येत नाई. खोटं नव्हतं ते. लहानपणापासून मे महिना म्हणजे वाळ्याचा वास आणि पंख्याची घरघर. त्या घरघरीशिवाय उन्हाळ्यातली रात्र मला उघडी उघडी वाटते.

कूलर खिडकीत बाहेरून लावतात. पण आमची झोपायची खोली मागं, टेकाडाच्या पोटात, तिला खिडकी नाही. वॉटरप्रूफ भिंत फोडायची गोष्ट नवऱ्यासमोर काढायची सोय नव्हती. म्हणून कूलर खोलीतच ठेवला, माझ्या उशाशी. गारवा जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचं. आत नळ नव्हता, तेव्हा रोज संध्याकाळी नवरा बाहेरच्या हौदातून बादल्या आणून टाकी भरायचा. माझी पाठ दुखते, त्यामुळं हे काम आपसूक त्यांच्याकडं गेलं. कुरकुर केली नाही. फक्त बादली ओतताना भिंतीकडं पाहायचे, तिची माफी मागावी तसे.

आणि मग तो थेंब.

नवरा आला, पलंगावर चढला, कोपऱ्यात बोट लावलं. मग मागच्या भिंतीवरून हात फिरवला. हात ओला झाला. कपाटाच्या मागं तर भिंत काळी पडली होती, बारीक ओघळ फरशीपर्यंत आलेले. मी भांडायची तयारी करून बसले होते. अट पावसाळ्याची होती, मे महिन्याची नव्हे, असं ते म्हणणार, आणि थेंबाला महिना नसतो असं मी म्हणणार. पण ते खाली उतरले आणि म्हणाले, "थेंब म्हंजे थेंब. तू जिकली. फक्त कारन समजू दे, मंग जाऊ."

कारण शोधायला सगळं गाव हजर. पहिला संशय छतावरच्या गवतावर, कारण त्याला रोज पाणी द्यायचो. पाणी बंद केलं. गवत जळून पिवळं झालं, भिंत ओलीच. दुसरा संशय म्हशीवर. कोणाच्या तरी तोंडून निघालं की खुराचं भोक तेव्हा दिसलं नसेल, आता मोठं झालं असेल. हे वयनीच्या कानावर गेलं आणि आमचं दूध बंद झालं. माझ्या जनावरावर आळ घेता, दुसरीकडून घ्या दूध, असा निरोप आला. मग मी चाचांना फोन लावला आणि विचारलं, पानठेला कुठं टाकता, चांदूरला की अकोल्याला?

चाचा त्याच दिवशी आले. जिथं म्हैस बसली होती तिथंच छत उकरलं. काळी माती भेगाळलेली, मुरूम कोरडा, पांढरं कापड कोरडं, गिट्टी तापलेली. वर ठणठणीत, आणि खाली खोलीत भिंतीवर पाण्याचे ओघळ. चाचा वर जाऊन येत, खाली जाऊन येत, दोन्हीकडं हात लावून पाहत. शेवटी खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, पानी वरून नाई, पानी बाजूनं नाई. मंग हे पानी हाये का कोनाचं रडनं हाये?" मी चहा ठेवते म्हटलं, तरी थांबले नाहीत. जाताना कमरेवर हात नव्हता.

संध्याकाळी नवरा नकाशा घेऊन दारासमोरच्या ओट्यावर बसला. तोच नकाशा, कडा मऊ झालेला. बोटानं एकेक रेघ पाहत होता, पोराची वही तपासावी तशी. अंधार पडला तरी उठला नाही. मी दिवा लावून जवळ ठेवला तेव्हा म्हणाला, चूक माझ्या नकाशातच आहे, फक्त ती सापडत नाही. मग नकाशाची घडी घातली. त्या घडीचा आवाज मला आवडला नाही. मी जिंकले होते, सगळं माझ्या मनासारखं होत होतं, आणि मला कशाचा तरी इतका राग येत होता की मी वरणात दोनदा मीठ टाकलं. तेही त्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

सामान बांधायला घेतलं. तेवढ्यात वावधान सुटलं. धूळ, वारा, वरून चार थेंबही नाहीत, पण गावाबाहेर विजेचे खांब आडवे झाले आणि लाईन गेली. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता आलीच नाही. कूलर मुका. हवा यावी म्हणून मी खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. आता मरते मी उकाड्यानं, असं म्हणत आडवी झाले आणि सकाळी जाग आली ती उन्हं ओट्यावर आल्यावर. दुसऱ्या रात्रीही तसंच. घरघरीशिवाय झोप लागली, ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही.

तिसऱ्या दिवशी नवरा टेम्पो ठरवायला चांदूर रेल्वेला गेला. दुपारी परत आला तो लाल होऊन, घामानं निथळत. उन्हासाठी डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्यात गुंडाळून पाण्याची थंडगार बाटली आणली होती माझ्यासाठी, घरातला फ्रीज बंद होता म्हणून. टेम्पो उद्या सकाळी येतो, म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.

मी बाटली टेबलावर ठेवली, कॅलेंडरशेजारी. थोड्या वेळानं पाहते तर बाटलीभोवती पाणी. कॅलेंडरची कड भिजायला आलेली. मी वैतागून बाटली उचलली, झाकण घट्ट केलं, पुसली. परत ओली. फुटकी बाटली दिली मेल्यानं, असं म्हणत फडकं शोधायला निघाले आणि खोलीच्या मधोमध थांबले.

मी सातवीला विज्ञान शिकवत होते. दर वर्षी एक प्रयोग करायचा. स्टीलच्या पेल्यात बर्फ घालायचा, टेबलावर ठेवायचा, पेल्याच्या बाहेर थेंब आले की वर्गाला विचारायचं, पेला गळला का? पोरं एका सुरात म्हणायची, नाही बाई. मग पाणी कुठून आलं? हवेतून आलं बाई. इतकी वर्षं ते उत्तर पोरांकडून घोकून घेतलं आणि स्वतःच्या उशाशी तोच प्रयोग चालू असताना मी चाचांना पानठेला विचारत होते.

मी मागच्या भिंतीकडं गेले. हात लावला. भिंत कोरडी. कपाट सरकवलं, मागं कोरडी. कोपरा कोरडा. गार भिंत, बंद दार, आणि त्या बंद खोलीत रोज रात्रभर पाणी उडवणारा कूलर. घर गळत नव्हतं. छत ठीक, शीट ठीक, म्हैस निर्दोष, नकाशा जसाच्या तसा बरोबर.

मी पलंगावर बसले. हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि मी बोलले नसते तर कळणारही नव्हतं. सकाळी टेम्पो, दुपारी अमरावती, संध्याकाळी मैत्रिणी. पर्स समोर होती, किल्ली तिच्यात होती. मी काही संत नाही. दुपारभर मी तशीच बसून राहिले, भांडी बांधायच्या नावाखाली एकच पातेलं चारदा पुसलं, आणि तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी लाईन आली. गावातून पोरांचा ओरडा ऐकू आला, फ्रीज गुरगुरला. आणि मी पाहते तर नवरा बादली घेऊन हौदाकडं निघालेला. भर उन्हात फिरलेला माणूस. भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून, वाकून, पाय घासत खोलीत आला. मी म्हटलं, आता कशाला? उद्या तर जायचंच आहे. तो म्हणाला, "शेवटची रात्र हाये. तुयी झोप तं नीट होऊ दे."

त्या भिंतीवर उतरलेलं पाणी आभाळातून आलं नव्हतं, जमिनीतून आलं नव्हतं. हाच माणूस ते रोज बादलीनं आणून ओतत होता, मला झोप यावी म्हणून. मला एकदम भरून आलं आणि नेहमीसारखं ते रागातून बाहेर पडलं. मी म्हटलं, "ठेवा ती बादली खाली. एक थेंब टाकू नका त्याच्यात."

त्यांना वाटलं, मला आत्ताच निघायचं आहे. टेम्पोवाल्याला फोन करू का, विचारू लागले. मी हात धरून टेबलापाशी नेलं. बाटलीतलं पाणी एव्हाना कोमट झालं होतं, म्हणून फ्रीजकडं पाहिलं, तर त्यात अजून काहीच गार नव्हतं. प्रयोगाला बर्फ नाही, अशी माझ्यावर पहिल्यांदाच वेळ आली. मग नुसतं तोंडानं सांगितलं. पेला, बर्फ, बाहेरचे थेंब, कूलर, दार. टेबलावर बाटलीनं उमटवलेलं कडं अजून होतं, त्यावर त्यांचं बोट ठेवलं. मग त्यांना मागच्या भिंतीशी नेलं आणि तळहात भिंतीवर टेकवला.

त्यांनी तो हात वर कोपऱ्यापर्यंत नेला, खाली फरशीपर्यंत आणला. मग दुसराही हात ठेवला. माझ्याकडं पाठ होती, त्यामुळं चेहरा दिसला नाही. दिसला असता तरी मी इथं लिहिला नसता.

मग म्हणाले, "तू नसतं सांगतलं तं?"

"तं उद्या मी अमरावतीत असती."

"मंग सांगतलं काहून?"

 सुचलं ते बोलले. म्हटलं, अमरावतीतबी कूलर तुमीच भरला असता ना, मंग इथं काय वाईट. आणि लगेच बजावलं की अट मोडलेली नाही. हा थेंब माझ्या कूलरचा, तो धरायचा नाही, पण मृग अजून लागायचा आहे, आणि पावसाचा एक थेंब जरी आत आला तर टेम्पो परत येईल. मंजूर, म्हणाले. या वेळी विचार करायलाही थांबले नाहीत.

सकाळी टेम्पो दारात उभाच. बोलावला होता तर रिकामा कसा पाठवायचा? कूलर चढवला, पर्समधली किल्ली तिथल्या मैत्रिणीसाठी टेम्पोवाल्याजवळ दिली आणि अमरावतीच्या फ्लॅटवर पाठवून दिला. मी वयनीकडं जाऊन तिच्या म्हशीसमोर ढेप ठेवली आणि चूक झाली म्हटलं. वयनी बाजूला उभी राहून ऐकत होती, म्हणाली, तिले काय सांगता, मले सांगा. तिलाही सांगितलं. दूध सुरू झालं. चाचांना नवऱ्यानं फोन केला, तर पलीकडून इतका मोठा आवाज येत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

ते फोनवरून मोकळे झाले तशी मी टेबलावरचं कॅलेंडर उचललं. कड जरा फुगली होती. मी म्हटलं, "हे कुठं लावाचं तेवढं सांगा. आता किती दिवस टेबलावर ठेवू?"

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग कपाटातून नकाशा काढला, घडी उलगडली, टेबलावर पसरला आणि चष्मा लावून खिळ्याची जागा शोधू लागला. पाऊण तास लागला. सगळं मोजून झाल्यावर स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या भिंतीवर, जिला कोणत्याच बाजूनं माती नाही, पेन्सिलीनं एक बारीक फुली मारली आणि हातोडी माझ्या हातात दिली.